अज्ञान राजाची सही

माझी मुलगी आणि जावई गेली काही वर्षे इंग्लंडात, केंब्रिजला असतात. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून वर्षाआड आम्हा दोघा म्हाताऱ्यांची तिकडे एक फेरी होते. पहिल्या फेरीत लंडनचा मनोरा, राणीचा वाडा, मेणाचे पुतळे हे सगळे यथासांग पाहून झाले. दुसऱ्या फेरीत शेक्सपिअरचे गाव झाले. गेल्या खेपेला मात्र कुठे जायचे ते मी ठरवले नाही, माझ्या दहा वर्षांच्या नातीने ठरवले.

तिला शाळेतून एक निबंध लिहायला दिला होता. विषय होता, इंग्लंडमधल्या बायकांनी मतदानाच्या हक्कासाठी दिलेला लढा. त्या लढ्यातल्या एका बाईचे नाव होते सोफिया दुलीपसिंग. नातीने मला विचारले, की आजोबा, हे नाव तर आपल्याकडचे वाटते, मग ही राणीच्या हॅम्पटन कोर्टातल्या घरात कशी राहत होती? मी चार कादंबऱ्या लिहिलेला माणूस. गप्प बसणे मला शोभले नसते. मी सांगितले, की ती पंजाबच्या शेवटच्या महाराजाची मुलगी. यावर नातीचा पुढचा प्रश्न आला, की मग तो महाराजा इथे कशाला आला? याचे उत्तर मला एका वाक्यात देता येईना. ते शोधण्यासाठी आम्ही तिघे, म्हणजे मी, आमची सौ. आणि नात, एका शनिवारी सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन थेटफर्डच्या गाडीत बसलो.

थेटफर्ड हे नॉरफोक परगण्यातले लहानसे गाव. केंब्रिजहून नॉरिचला जाणारी गाडी तिथे थांबते, तासाभराच्या आत पोहोचवते. गावातून लिटल ऊझ नावाची नदी वाहते. नदी म्हणजे आपल्याकडचा बऱ्यापैकी ओढा. तिच्या पात्रात बटन आयलंड नावाचे चिमुकले बेट आहे आणि त्या बेटावर, बदकांच्या आणि विलो वृक्षांच्या सोबतीत, घोड्यावर बसलेल्या एका फेटेवाल्या शीख राजाचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. हेच महाराजा दुलीपसिंग. १९९९ साली तेव्हाचे युवराज आणि आताचे राजे चार्ल्स यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. शनिवार असल्यामुळे बर्मिंगहॅमकडून आलेली दोन शीख कुटुंबे तिथे होती. आजोबा नातवाला पुतळ्याकडे बोट करून काहीतरी सांगत होते. मी आमच्या नातीला जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने इथे सांगतो.

दुलीपसिंगाचा जन्म लाहोरचा, सप्टेंबर १८३८ मधला. वडील म्हणजे शेर-ए-पंजाब महाराजा रणजितसिंग. आई जिंद कौर, जिला सगळे महाराणी जिंदान म्हणून ओळखतात. ती महाराजांची सर्वांत धाकटी राणी. पोर पाळण्यात असतानाच, जून १८३९ मध्ये रणजितसिंग गेले आणि त्या दरबारावर जणू साडेसाती आली. थोरला मुलगा खरकसिंग दीड वर्षाच्या आत गेला. त्याचा अंत्यविधी उरकून परतताना त्याच्या मुलाच्या, नौनिहालसिंगाच्या अंगावर दरवाजाची कमान कोसळली आणि तोही संपला. त्यानंतर गादीवर आलेल्या शेरसिंगाचा सप्टेंबर १८४३ मध्ये खून झाला. मग गादीवर बसवायला उरला तो हा पाच वर्षांचा मुलगा. त्याच्या नावाने राज्य आई पाहू लागली. दोन वर्षांनी खालसा फौजेने त्याच्या सख्ख्या मामाला हत्तीच्या हौद्यात भोसकले, तेव्हा हा मुलगा त्या मामाच्या मांडीवर बसलेला होता.

पुढे १८४५-४६ मध्ये इंग्रजांशी पहिले युद्ध झाले आणि शीख हरले. डिसेंबर १८४६ मध्ये भैरोवाल येथे करार झाला. त्यात असे ठरले, की महाराज सोळा वर्षांचे होईपर्यंत, म्हणजे १८५४ पर्यंत, त्यांच्या राज्याची देखभाल इंग्रज सरकारने करायची. लाहोरला इंग्रज रेसिडेंट राहील, त्याच्या सल्ल्याने कारभार चालेल. थोडक्यात, इंग्रज सरकार त्या मुलाचे पालक झाले. आई या व्यवस्थेत अडचणीची होती. १८४७ साली तिला मुलापासून तोडून शेखूपुऱ्याच्या किल्ल्यात ठेवले, नंतर बनारसला आणि तिथून चुनारच्या किल्ल्यात. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता.

१८४८ साली मुलतानात बंड झाले. त्यातून दुसरे युद्ध पेटले. बंड महाराजाने केले नव्हते, महाराज तर इंग्रजांच्याच देखरेखीखाली लाहोरच्या किल्ल्यात खेळत होता. पण युद्ध संपल्यावर गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी पंजाब खालसा करायचे ठरवले. २९ मार्च १८४९ रोजी किल्ल्यात दरबार भरला. पाच कलमांचा एक कागद मुलापुढे ठेवला गेला. राज्यावरचा आपला आणि वारसांचा हक्क सोडणे, दरबाराची सगळी मालमत्ता जप्त होणे, कोहिनूर हिरा इंग्लंडच्या राणीला देणे, त्याबदली महाराज, त्याचे नातलग आणि सेवक मिळून वर्षाला चार लाखांपेक्षा कमी नाही आणि पाच लाखांपेक्षा जास्त नाही अशी नेमणूक, आणि ती मिळण्यासाठी महाराजाने आज्ञेत राहावे व गव्हर्नर जनरल सांगतील तिथे राहावे. दहा वर्षांच्या राजाने त्यावर सही केली.

वाचकहो, इथे माझ्यातला कादंबरीकार बाजूला होतो आणि बँकवाला जागा होतो. आमच्या बँकेच्या भाषेत अठरा वर्षांखालच्या मुलाला अज्ञान म्हणतात. खेड्यातल्या सातबाराच्या उताऱ्यावर आजही अ. पा. क. अशी अक्षरे दिसतात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मी नाशिक जिल्ह्यात एका शाखेत असताना एक गृहस्थ आपल्या पुतण्याला घेऊन आले होते. मुलाचे वडील वारले होते आणि त्यांच्या विम्याचे पैसे मुलाच्या नावे मुदत ठेवीत होते. काकांना त्या ठेवीवर स्वतःच्या ट्रॅक्टरसाठी कर्ज हवे होते. मुलगा सही करायला तयार आहे म्हणाले. तो मुलगाही मोठा उत्साही. त्याने घरी सहीचा सराव करून वही भरवली होती. मी काकांना समजावले, की या मुलाच्या सहीला कायद्याने काही किंमत नाही, आणि अज्ञानाच्या ठेवीवर कर्ज द्यायचे तर ते अज्ञानाच्याच हिताचे असले पाहिजे, पालनकर्त्याच्या नव्हे. काका रागावून निघून गेले. मुलगा मात्र हिरमुसला होता. आपली सही चालत नाही याचेच त्याला वाईट वाटले होते. त्याची पाठ राखण्यासाठीच ती चालत नाही, हे त्या वयात त्याला कसे कळावे?

लाहोरच्या त्या दरबारात असे सांगणारा कोणी नव्हता. ज्याला राखणीला ठेवले, त्यानेच राखायची वस्तू घेतली आणि पावतीवर मुलाची सही घेतली. दुलीपसिंगांच्या पुढच्या चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात जे जे झाले, त्याचे मूळ या एका कागदात आहे, असे माझे मत होत गेले.

सहीनंतर मुलाला लाहोरहून हलवून गंगेकाठी फतेगडला ठेवले. पालक म्हणून डॉ. जॉन लॉगिन हे स्कॉटिश गृहस्थ नेमले. हे लॉगिन आणि त्यांची पत्नी माणसे म्हणून चांगली होती, त्यांनी मुलावर माया केली, हे मान्य केले पाहिजे. पण भोवती सगळे वातावरण इंग्रजी, आई नेपाळात. ती चुनारच्या किल्ल्यातून दासीच्या वेषात निसटून काठमांडूला पोहोचली होती. मुलाने मार्च १८५३ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला आणि पुढच्याच वर्षी तो बोटीने इंग्लंडला गेला.

व्हिक्टोरिया राणीला हा देखणा, सोळा वर्षांचा राजपुत्र पाहताक्षणी आवडला. तिने विंटरहाल्टर या नामांकित चित्रकाराकडून त्याचे पूर्णाकृती चित्र काढून घेतले. वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाउसमध्ये, दरबार दालनाकडे जाणाऱ्या बोळात ते लावले आहे. आम्ही पुढे मुद्दाम जाऊन ते पाहिले. फेटा, दागिने, कमरेला तलवार, आणि गळ्यात हिऱ्यांच्या कोंदणात व्हिक्टोरिया राणीचे छोटे चित्र. राज्य नसलेल्या राजाचे इतके राजबिंडे चित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

या चित्राच्या बैठका बकिंगहॅम राजवाड्यात चालू असताना घडलेला प्रसंग लॉगिनबाईंनी लिहून ठेवला आहे. राणीने कोहिनूर मागवला आणि दुलीपसिंगाच्या हाती दिला. लहानपणी लाहोरला तो दंडावर बांधून मिरवलेला हिरा. मधल्या काळात इंग्रजांनी त्याला नव्याने पैलू पाडले होते, १८६ कॅरटचा हिरा सुमारे १०५ कॅरटचा झाला होता. मुलगा तो घेऊन खिडकीपाशी गेला, उजेडात बराच वेळ फिरवून पाहत राहिला. खोलीतल्या सगळ्यांचा श्वास अडकला होता. मग तो परत आला, त्याने अदबीने वाकून तो हिरा राणीच्या हातात ठेवला. लाहोरला सही घेतली होती, ती जणू इथे त्याच्याकडून कायम करून घेतली.

त्या वर्षी, १८५४ मध्ये, भैरोवालच्या कराराप्रमाणे महाराज सज्ञान झाले. तेव्हा आता आपणही त्यांना अहोजाहो करू.

महाराज आधी स्कॉटलंडमध्ये मेन्झीस किल्ल्यात राहिले, मग यॉर्कशायरमध्ये मल्ग्रेव्ह किल्ल्यात. दोन्ही भाड्याचे. शिकार, मेजवान्या, सरदार-उमरावांशी दोस्ती, सगळे होते. पण मनात एक खळगा होता, तो आईचा. जानेवारी १८६१ मध्ये कलकत्त्याच्या एका हॉटेलात मायलेकांची भेट झाली. मधे तेरा वर्षे गेली होती. आईची दृष्टी जवळजवळ गेली होती. तिने चाचपून मुलाचे डोके पाहिले आणि केस कापलेले कळल्यावर ती आक्रंदली, असे सांगतात. मुलगा तिला इंग्लंडला घेऊन आला. त्या दोन वर्षांत तिने त्याला त्याच्या वडिलांच्या गोष्टी सांगितल्या, राज्याच्या सांगितल्या, खासगी जमीनजुमल्याच्या सांगितल्या. आपले काय काय होते, हे महाराजांना पहिल्यांदा तिच्या तोंडून नीट कळले.

१ ऑगस्ट १८६३ रोजी महाराणी जिंदान लंडनमध्ये वारली. तिला आपल्या धर्माप्रमाणे दहन हवे होते आणि इंग्लंडात तेव्हा दहनाची सोय नव्हती. म्हणून लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत तिचे शव तात्पुरते ठेवले गेले. १९९७ मध्ये तिथल्या प्रार्थनामंदिराची दुरुस्ती करताना तिच्या नावाची संगमरवरी पाटी सापडली. तिचे स्मारकही आता तिथे आहे. आम्ही गेलो त्या दिवशी पाऊस होता. छत्र्या सावरत आम्ही ते वाचले, आणि हिंदुस्थानातून सात समुद्रापार येऊन ही बाई इथे महिनोनमहिने आपल्या सरणाची वाट पाहत पडून होती, या विचाराने आमच्या सौ.चे डोळे भरून आले.

यापुढची गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. ती मला इंग्लंडात कळावी याची मला अजून लाज वाटते. १८६४ साली महाराज आईचे शव घेऊन हिंदुस्थानात आले. त्यांना तिला पंजाबात न्यायचे होते. सरकारने परवानगी नाकारली. लाहोरच्या राणीची चिता पंजाबात पेटली, तर काय काय पेटेल याची सरकारला धास्ती होती. तेव्हा महाराणी जिंदानचे दहन झाले ते नाशिकला, गोदावरीच्या काठी.

नोकरीची सहा वर्षे मी नाशकात काढली आहेत. संध्याकाळी शाखा बंद करून गंगेवर जायचे, पंचवटीकडच्या पायऱ्यांवर घटकाभर बसायचे आणि घरी परतायचे, हा माझा क्रम. माझ्या आईच्या अस्थी मी रामकुंडात सोडल्या आहेत. त्या सहा वर्षांत आणि त्यानंतरही मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, की या काठावर पंजाबच्या एका मुलाने आपल्या आईला अग्नी दिला होता.

आईचे कार्य आटोपून इंग्लंडला परत जाताना महाराजांनी इजिप्तमध्ये लग्न केले. कैरोच्या मिशनऱ्यांच्या शाळेत त्यांना बांबा म्युलर ही मुलगी भेटली. वडील जर्मन व्यापारी, आई अबिसीनियाची. मुलीला अरबी येत होते आणि महाराजांना नाही. दुभाष्याच्या मदतीने लग्न ठरले आणि जून १८६४ मध्ये अलेक्झांड्रियाला झाले. या संसारात सहा मुले वाढली, तीन मुलगे आणि तीन मुली. थेटफर्डपासून चार मैलांवर एल्व्हडन नावाची सतरा हजार एकरांची जहागीर महाराजांनी घेतली होती. तिथला वाडा त्यांनी नव्याने बांधला. बाहेरून इंग्रजी, आतून लाहोरची आठवण करून देणारे नक्षीकाम. शिकारीत त्यांचा हात असा, की १८७६ मध्ये एका दिवसात त्यांनी एकट्याने साडेसातशेहून अधिक तितर पाडले.

थेटफर्डहून आम्ही टॅक्सीने एल्व्हडनला गेलो. आता तो वाडा खासगी आहे, आत जाता येत नाही. रस्त्याकडेच्या त्यांच्या दुकानात चहा प्यायलो आणि चर्चच्या आवारात गेलो. तिथे एका ओळीत तीन कबरी आहेत. महाराज, महाराणी बांबा आणि त्यांचा धाकटा मुलगा एडवर्ड. महाराजांच्या कबरीवर कोणीतरी ताजी फुले ठेवली होती. पाटीवरच्या क्रॉसकडे पाहून नात चक्रावली. पुतळा तर शिखाचा, मग कबर ख्रिस्ती कशी? त्यासाठी पुढचा भाग सांगणे आले.

शाही राहणीला पैसा लागतो. एल्व्हडनच्या खरेदीसाठी सरकारच्या इंडिया ऑफिसनेच कर्ज दिले होते आणि त्याचे व्याज महाराजांच्या नेमणुकीतून कापून घेतले जाई. म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने घ्यायचे. त्यातच शेतीचे भाव पडले, उत्पन्न आटले. महाराजांचा हात सढळ होता, हेही लपवण्यात अर्थ नाही. ते उत्तम खातेदार खासच नव्हते. शेवटी १८८२ मध्ये कायदा झाला, की महाराजांच्या मागे एल्व्हडन विकून कर्ज फेडावे. आपण मेल्यावर मुलांना घर नाही, हे कागदावर आल्यावर महाराज खवळले. त्यांनी जुने कागद काढले, लंडनच्या वाचनालयात बसून सरकारी खलिते वाचले आणि वर्तमानपत्रात पत्र लिहून आपली बाजू मांडली. बाजू साधी होती. मी अज्ञान होतो, तुम्ही माझे पालक होता, बंड मी केले नाही, मग पालकाने पाल्याची मालमत्ता कोणत्या न्यायाने घेतली? पंजाबातल्या वडिलोपार्जित खासगी मिळकतीचा हिशेबही त्यांनी मागितला. त्या हिशेबाने त्यांचे समाधान शेवटपर्यंत झाले नाही.

३१ मार्च १८८६ रोजी महाराज बायकामुलांसह हिंदुस्थानच्या बोटीत बसले. पुन्हा शीख व्हायचे आणि आपल्या माणसांत राहायचे, असे त्यांनी ठरवले होते. सरकारने त्यांना एडनला अडवले. बायकामुले इंग्लंडला परतली. महाराज तिथेच राहिले आणि मे महिन्यात, एडनच्या उन्हात, पाहुळ घेऊन पुन्हा शीख झाले. पंजाबचा किनारा नव्हे, पंजाबचा वासही नसलेल्या बंदरात. मग ते पॅरिसला गेले. सरकारची नेमणूक त्यांनी झिडकारली. १८८७ मध्ये एका आयरिश क्रांतिकारकाच्या नावाचा पासपोर्ट घेऊन मॉस्कोला पोहोचले. रशियाच्या झारने हिंदुस्थानवर स्वारी करावी, पंजाब आपल्यामागे उठेल, अशी त्यांची योजना. त्यांचा पाठीराखा असलेला संपादक कात्कोव्ह त्याच उन्हाळ्यात वारला, झारने लक्ष दिले नाही. त्याच सप्टेंबरात इकडे महाराणी बांबा वारल्या. नवऱ्याने सोडून दिलेली, सहा मुलांची आई. महाराजांवर झालेला अन्याय सांगताना त्यांनी या बाईवर केलेला अन्याय विसरू नये. १८८९ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये एडा वेदरिल या इंग्रज स्त्रीशी लग्न केले.

पुढच्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. अंगाची एक बाजू लुळी पडली आणि लढाई संपली. त्यांनी राणीची क्षमा मागितली, ती मिळाली. १८९१ मध्ये फ्रान्सच्या ग्रास गावी राणी मुक्कामाला असताना ते भेटायला गेले आणि तिच्यापुढे लहान मुलासारखे रडले. २२ ऑक्टोबर १८९३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा अंत झाला. वय पंचावन्न. शव एल्व्हडनला आणले आणि ख्रिस्ती विधीने पुरले. आईच्या दहनासाठी शव घेऊन सहा हजार मैल जाणाऱ्या मुलाला स्वतःला मात्र दहन मिळाले नाही. पुढच्या वर्षी एल्व्हडन विकले गेले.

मुलांचे काय झाले? थेटफर्डच्या व्हाइट हार्ट रस्त्यावर पंधराव्या शतकातले एक लाकडी घर आहे. महाराजांचे दुसरे चिरंजीव फ्रेडरिक यांनी ते विकत घेऊन गावाला दिले आणि १९२४ पासून तिथे संग्रहालय आहे. या घराण्याची माहिती तिथे पाहायला मिळते. ज्यांच्या घराण्याचे सगळे दुसऱ्यांनी घेतले, त्यांनी परक्या गावाला घर द्यावे, हे मला फार मोठे वाटले. कॅथरीन जर्मनीत राहिली आणि हिटलरच्या काळात काही ज्यू कुटुंबांना इंग्लंडात सुखरूप आणायला तिने मदत केली. थोरली बांबा लाहोरला जाऊन राहिली. १९५७ साली ती तिथेच वारली आणि आजोबांच्या शहरातच तिची कबर आहे. सोफियाने मतदानाचा हक्क नाही तर कर नाही म्हणून सरकारला कर नाकारला, तेव्हा सरकारने तिची हिऱ्याची अंगठी जप्त केली. ही गोष्ट नातीला आधीच ठाऊक होती. घराण्याकडून घेतलेला हा दुसरा हिरा, असे ती म्हणाली. महाराजांच्या दोन्ही बायकांच्या मुलांपैकी एकालाही अपत्य झाले नाही. रणजितसिंगांचा हा वंश तिथेच संपला.

परतीच्या गाडीत नात दमून झोपली होती. मला तो ट्रॅक्टरवाला काका आणि त्याचा पुतण्या आठवत होता. तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. त्याची ठेव मुदतीनंतर व्याजासह त्याच्याच हाती पडली, एवढे मला माहीत आहे. बँकेच्या नोकरीत मी मोठे काही केले नाही, पण ते एक काम केले होते. ते किती मोठे होते हे मला त्या गाडीत समजले.

भारतात आल्यावर महिनाभरात मी नाशिकला गेलो. गंगेच्या काठी दोन दिवस फिरलो, जाणत्या माणसांना विचारले. महाराणीच्या दहनाच्या जागी एक छोटी समाधी बांधली होती. १९२४ मध्ये नात बांबा हिने आजीच्या अस्थी तिथून लाहोरला नेल्या आणि रणजितसिंगांच्या समाधीपाशी ठेवल्या. मरणानंतर एकसष्ट वर्षांनी ती बाई घरी पोहोचली. आज नाशकात मला तिची खूण काही सापडली नाही. कोणाला ठाऊक असेल तर त्यांनी जरूर कळवावे.

परदेशी जाणाऱ्या आपल्या लोकांना माझे सांगणे एवढेच, की लंडनच्या मनोऱ्यात काचेआड ठेवलेला कोहिनूर आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले रणजितसिंगांचे सोन्याचे सिंहासन तुम्ही पाहालच. एखादा शनिवार काढून एल्व्हडनच्या त्या तीन कबरींपाशीही जा. आणि तिकडे जाणे झाले नाही, तरी गोदावरी आपलीच आहे. नाशकात जिच्या काठी जिंदानची चिता पेटली, तीच नदी पुढे वाहत नांदेडला जाते. तिथे गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला, आणि तिथला सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी बांधवला. राणीला सरकारने पंजाबात येऊ दिले नाही, पण तिच्या चितेजवळून गेलेले पाणी नवऱ्याने बांधलेल्या गुरुद्वाराच्या गावावरून वाहत गेले. ते अडवायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

त्या संध्याकाळी मी रामकुंडावर दोन ओंजळी पाणी सोडले. एक माझ्या आईच्या नावाने आणि एक तिच्या.